चवीच्या खोलीतले दिवस

५ ऑगस्ट

चव तपासणाऱ्या पॅनेलवर माझी निवड झाली. आमच्या अन्नतंत्रज्ञान विभागात तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींतून मोजकेच जण घेतात. काम सोपं आहे. एका लांबट खोलीत पांढऱ्या फळ्या लावून कप्पे पाडलेत. कप्प्यात एक स्टूल, एक छोटं बेसिन आणि समोर हातभर खिडकी. खिडकीतून नमुन्याची बशी आत येते. वर लाल दिवा, म्हणजे पदार्थाचा रंग बघून कुणी फसू नये. घास तोंडात घ्यायचा, घोळवायचा, कपात थुंकायचा, चूळ भरायची, गुण द्यायचे. बाहेरच्या कंपन्या आपली बिस्किटं, सूप, दही वगैरे तपासायला आमच्याकडे पाठवतात.

निवडीच्या परीक्षेत साखरेचं पाणी पातळ करत करत नेलं होतं. शेवटच्या पेल्यापर्यंत मला गोड लागत होतं. बाकीचे कधीच गळले होते. पॅनेल चालवणाऱ्या मॅडम सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत. त्या म्हणाल्या, "जीभ आहे की काय आहे रे तुझी!"

त्यांनीच सांगितलं, रोज थोडं लिहीत जा, चवींना शब्द सापडतात. म्हणून ही वही. पण चवीबद्दल काय लिहायचं?

एक शोध मात्र लागलाय. पॅनेलच्या आधी तासभर काही खायचं नाही असा नियम आहे. मी सकाळपासूनच खात नाही. जीभ जास्त स्वच्छ राहते.

११ ऑगस्ट

आईचा फोन. "जेवलास का?" आमच्या घरी फोनवर नमस्काराच्या जागी हेच असतं. सांगितलं, भात, भाजी, दही, उकडलेलं अंडं. मी सफरचंद खाल्लं होतं, तेही अर्धं. पण याला खोटं म्हणता येणार नाही. मेसमध्ये हे सगळं होतंच.

बाबांनी फोन घेतला. "तब्येत कशी आहे? तशीच ठेव हं, आता पोट सुटू देऊ नकोस." गेल्या सुट्टीत बसमधून उतरलो तेव्हा ते फलाटावर उभे होते. मला आधी ओळखलंच नाही. मग पाठीवर थाप मारून म्हणाले, "अरे वा, आलास की माणसात!" घरी मला लहानपणापासून गोलू म्हणतात. शाळेतही तेच पडलं होतं. त्या सुट्टीत एकाही पाहुण्याने गोलू म्हटलं नाही.

२० ऑगस्ट

बेकिंगच्या प्रॅक्टिकलला पाव केले. माझे सगळ्यांत छान फुगले. चार पाव खोलीवर आणून मेजरला दिले. मेजर म्हणजे माझा रूममेट. शिकतो कायदा, पण पांघरुणाची घडी अशी घालतो की कुणी तपासायला येणार आहे, म्हणून मेजर. त्याने लोणी लावून चारही पाव संपवले. मी समोर बसून बघत होतो. तो चावताना कानाजवळचं हाड हलतं. दुसऱ्याला असं मनापासून खाताना बघितलं की माझंच पोट भरतं.

"तू नाही घेत?"

"मी दिवसभर लॅबमध्ये खातच असतो."

"अरे, पण तू तर थुंकतोस ना?"

हसलो. तो हसला नाही. तोंडात पाव असेल म्हणून.

२ सप्टेंबर

थंडी लवकर पडली या वर्षी. स्वेटर काढला. वर्गात अजून कुणी घातलेला नाही. लोकांना फार सोसतं.

९ सप्टेंबर

माझ्या शेजारच्या कप्प्यात जी मुलगी बसते तिला सगळे चष्मा म्हणतात. गरम सूपचे नमुने आले की तिच्या काचांवर वाफ धरते आणि ती दर घासाला पुसत बसते. आज तिचा वाढदिवस होता. कँटीनमध्ये केक कापला. माझ्या हातात तुकडा दिला. मी सगळ्यांशी बोलत, विनोद करत तो कागदात गुंडाळला, म्हटलं मेजरला नेतो. बाहेर आल्यावर डब्यात टाकला. वळलो तर ती दारात उभी, चष्मा पुसत. काचा हातात होत्या, म्हणजे तिला काही दिसलं नसणार.

जिन्यापर्यंत सोबत आली. म्हणाली, "माझी एक मावसबहीण आहे. तिचंही असंच..." मग थांबली.

"काय असंच?"

"काही नाही. तुला काही बोलायचं असेल तर मी आहे, एवढंच."

"कशाबद्दल?"

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. तिला मी आवडत असेन का? असेल तर पंचाईतच आहे. तशा बाबतीत मला हल्ली काहीच वाटत नाही. मेजर सिनेमातल्या नट्यांबद्दल बोलतो तेव्हा मी मान डोलावतो.

१८ सप्टेंबर

लिफ्ट सोडली. आता दिवसभरात जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा जिन्यानेच. चढून झालं की खाली जाऊन परत चढतो. चौथ्या मजल्यावरच्या मुलाने विचारलं, "काही हरवलंय का?" म्हटलं, हो, किल्ली.

मेस बंद केली. पैसे परत मिळतील म्हणून नाही, तिथला आवाज सहन होत नाही. भांडी, चमचे, आणि सगळे एकदम चावतात.

आज भूक लागली नाही. कालही नाही. आधी भूक लागायची तेव्हा ती दडपायला जोर लावावा लागायचा. आता तीच दमली. जिंकल्यावर आनंद व्हायला हवा. तसा काही झाला नाही. शांत वाटतं. रविवारी दुकानं बंद असलेल्या रस्त्यासारखं.

२७ सप्टेंबर

दह्याचे नमुने. सहाही सारखेच. मी म्हटलं, एकच डबा सहा बश्यांत वाढलाय की काय. मॅडम असं मुद्दाम करतातही कधी कधी, आमची परीक्षा बघायला. सगळ्यांना सारखेच गुण देऊन मोकळा झालो. शेजारून चष्माच्या कपात थुंकण्याचे आवाज येत होते, एकदा तर "ईऽ" सुद्धा. काय एवढं ईऽ होतं त्यात?

१ ऑक्टोबर

बिस्किटांचे नमुने. दाताखाली वाळू आल्यासारखं. कंपनीचा माल बिघडलाय. तसं लिहून दिलं.

डोक्याचे केस उशीवर खूप पडतात. इथलं पाणी जड आहे.

४ ऑक्टोबर

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. माझे कागद समोर पसरले होते.

"गेल्या महिन्यात मी एकच सूप तीन वेळा दिलं होतं. तू तिन्ही वेळा वेगळे गुण दिलेस."

मी कागद जवळ ओढून बघितले.

"दह्यातलं एक चक्क कडवट झालं होतं. बाकी सगळ्यांनी पकडलं. सर्दी झालीय का?"

"थोडी."

"कधीपासून?"

"आठवडा झाला असेल."

त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. मी बाही खाली ओढली. त्या म्हणाल्या, "जेवतोस ना नीट?" आईसारखंच विचारलं, फक्त आईला उत्तर ऐकून बरं वाटतं. यांना वाटलेलं दिसलं नाही. पॅनेलवरून थोडे दिवस सुट्टी घ्यायला सांगितली आणि विद्यापीठाच्या डॉक्टरांना भेट म्हणाल्या. मी भेटेन म्हटलं.

खोलीवर येऊन मीठ जिभेवर ठेवलं. खरखरीत लागलं. मग साखर. तीही खरखरीत. दोन्हींत फरक डोळ्यांनीच कळत होता. डोळे मिटून परत करून बघितलं. मग वाट्या धुऊन ठेवल्या.

सर्दीच असेल. नाक मात्र मोकळं आहे.

१२ ऑक्टोबर

जिन्यावर पडलो. म्हणजे पडलो असं मेजर म्हणतो. मला फक्त कठडा आठवतो आणि मग मेजरचा शर्ट. त्याने मला उचलून चौथ्या मजल्यापर्यंत आणलं आणि त्याला दमही लागला नाही. खाटेवर ठेवलं आणि तसाच उभा राहिला.

"अरे, तू एवढासाच आहेस?"

बरं वाटलं ऐकून. त्याचा चेहरा मात्र विचित्र झाला होता. मग तो फोन घेऊन बाहेर गॅलरीत गेला. खूप वेळ बोलत होता. त्याच्या घरी काहीतरी बिनसलं असावं.

१५ ऑक्टोबर

ताई येतेय, म्हणे तिच्या ऑफिसचं इकडे काम निघालं. कोर्टात लघुलेखक आहे ती. रविवारी कुठलं कोर्ट चालू असतं? पण येऊ दे. टिकलीला आणतेय. टिकली म्हणजे माझी भाची, अडीच वर्षांची, कपाळावर जन्माचा ठिपका आहे म्हणून टिकली. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मी शाळेत असताना माझ्या गणिताच्या वहीवर तीच सही करायची, बाबांची.

१९ ऑक्टोबर

लिहायला घेतलं खरं, पण काय झालं ते नीट मांडता येत नाही. क्रमाने लिहितो.

ताईने दारातच मला मिठी मारली आणि लगेच सोडलं. सोडलं म्हणजे हात बाजूला केले आणि दोन्ही हातांनी माझे खांदे धरून ठेवले. म्हणाली, "स्वेटर काढ." म्हटलं, थंडी आहे. ती म्हणाली, "कुठे आहे थंडी?" तिने साधा कुडता घातला होता. टिकलीच्या अंगात तर बिनबाह्यांचा फ्रॉक. मग मी विषय बदलला. मेजर "मला लायब्ररीत जायचंय" म्हणून निघून गेला. तो लायब्ररीत कधीच जात नाही.

टिकलीने दूध मागितलं. तिला गार चालतं. खिडकीत बाटली होती, मेजरची, कालची की परवाची. मी पेल्यात ओतलं, लहान मुलाला द्यायचं म्हणून आधी घोटभर घेतलं, तोंडात घोळवलं आणि बेसिनमध्ये थुंकलं. म्हटलं, "चांगलं आहे."

"थुंकलंस का?" ताई म्हणाली.

"सवय आहे. लॅबची."

टिकलीने पेला तोंडाला लावला. तोंड वाकडं केलं, सगळं फ्रॉकवर काढलं आणि रडायला लागली. ताईने पेला घेऊन वास घेतला. बोट बुडवून चाखलं.

"अरे, नासलंय हे! वाससुद्धा येतोय. तुला कळलं नाही?"

"मला चांगलं लागलं."

"चांगलं म्हणजे कसं लागलं?"

मला सांगता येईना. दोन महिने पॅनेलवर काढले, चवींसाठी शब्द पाठ केले, आंबूस, तुरट, कडसर, आणि मी नुसता उभा. शेवटी म्हणालो, "ओलं."

ताईने पिशवीतून बिस्किट काढलं, माझ्या हातात दिलं. "खा. माझ्यासमोर."

"नंतर खातो."

"आत्ता."

"ताई, मी मघाशीच..."

"गोलू. एक बिस्किट."

मी हात तोंडाकडे नेला. खरंच नेला. तिथून पुढे जाईना. कुणी धरल्यासारखा. मी काही नाटक करत नव्हतो, मला खायचं होतं, निदान तिच्यासाठी तरी. हाताकडे बघत होतो, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. तेवढ्यात टिकलीने रडणं थांबवलं, माझ्या हातातलं बिस्किट काढून घेतलं आणि स्वतः खाल्लं. मला वाटलं, चला, मिटलं.

आणि ताई रडायला लागली. दूध तर फेकून दिलं होतं. टिकलीही गप्प झाली होती. आता रडण्यासारखं काय राहिलं होतं?

२१ ऑक्टोबर

ताई गेली नाही. मला विद्यापीठाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण बाई आहेत. छातीला तारा लावल्या, रक्त घेतलं, बसवून आणि उभं करून रक्तदाब बघितला. म्हणाल्या, नाडी फार हळू चालतेय.

"धावणाऱ्यांची हळूच असते," मी म्हटलं. वाचलं होतं कुठेतरी.

"धावणारे जेवतात," त्या म्हणाल्या.

मग खुर्ची जवळ ओढून सगळं नीट सांगितलं. शरीर उपाशी राहिलं की आधी चरबी जाते, मग स्नायू, आणि हृदयसुद्धा स्नायूच असतो. चवही तशीच गेली. याला आजार म्हणतात, त्याला नाव आहे, तो मुलांनाही होतो, फक्त मुलांच्यात कुणी बघत नाही. मी म्हटलं, मला आजार नाही, मी शिस्तीत राहतो. त्या म्हणाल्या, "बरं. मग शिस्तीत आजच्या आज ॲडमिट व्हायचं."

ॲडमिट झालो. शेजारच्या खाटेवर अपघात झालेला माणूस आहे, पाय वर टांगलेला. त्याला बघून लाज वाटते. तो खरा आजारी आहे. मी त्याची जागा अडवल्यासारखा.

२४ ऑक्टोबर

आई-बाबा आले. आई आत येता येता म्हणाली, "गो..." आणि पुढचं गिळलं. मग माझं खरं नाव घेऊन हाक मारली. ते तिच्या तोंडून मी शेवटचं दहावीच्या निकालाच्या दिवशी ऐकलं होतं.

ती खाटेच्या कडेला बसून माझे पाय चोळत राहिली. "रोज विचारायचे मी," एवढंच म्हणाली. "रोज विचारायचे."

बाबा उभेच. सलाईनच्या नळीकडे बघत होते. जरा वेळाने म्हणाले, "मी बोललो होतो काही... ते तू मनावर घेतलंस का रे?"

"नाही बाबा."

"चेष्टेत बोललो होतो."

"हो."

"सगळेच बोलतात तसं."

"हो बाबा."

ते बाहेर गेले. परत आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. शर्टाची कॉलर भिजली होती. उन्हाचं आले होते, म्हणून धुतलं असेल.

१ नोव्हेंबर

चष्मा आली. स्टुलावर बसून इकडचं तिकडचं बोलली. माझ्या कप्प्यात आता दुसरा मुलगा बसतो, तो गिळतोच, थुंकत नाही, मॅडम ओरडतात. मग म्हणाली, "मी मॅडमना सप्टेंबरमध्येच सांगितलं होतं. राग येईल तुला."

मला कळायला वेळ लागला. म्हणजे तिला माहीत होतं. मॅडमना माहीत होतं. मेजरनेच ताईला फोन केला होता, तेही तिनेच सांगितलं.

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मला एकट्याला कुणी सांगितलं नाही."

"सांगत होते की," ती म्हणाली. "तू म्हणालास, कशाबद्दल?"

"आणि तुझी मावसबहीण? बरी झाली?"

ती चष्मा काढून पुसायला लागली. इथे वाफ नव्हती. मी पुन्हा विचारलं नाही.

१४ नोव्हेंबर

गेल्या आठवड्यात दवाखान्यातून सुट्टी दिली. हे सत्र बुडालं. आई म्हणत होती घरी चल, पण पुढच्या उपचारांचा दवाखाना ताईच्या घराजवळ आहे म्हणून ताईकडे. दिवसातून सहा वेळा खायचं. ताई रजेवर असते तेव्हा ती समोर बसते, ती नसली की दाजी. दाजी बसडेपोत वेळापत्रकं लावतात, पाळ्यांची ड्यूटी, म्हणून दिवसा घरी. फार बोलत नाहीत. माझ्यासमोर वर्तमानपत्र धरतात आणि पान उलटत नाहीत.

काल पावाचा तुकडा बाहीत सरकवला. ताईने भांडी आवरताना बघितलं. मला वाटलं आता फुटणार. तिने बाहीतला काढून घेतला, ताटात नवीन ठेवला आणि परत बसली. ते जास्त वाईट होतं. तो संपायला दुपार झाली. तिचं कोर्ट बुडलं.

मी चिडतो. वाईट बोलतो. परवा म्हटलं, तू माझी आई होऊ नकोस. ती म्हणाली, "बरं. गीळ."

२६ नोव्हेंबर

आठवड्यातून एकदा समुपदेशक बाईंकडे जातो. आज विचारलं, कसं वाटतंय? म्हटलं, काही नाही. त्यांनी तेच लिहून घेतलं.

वजन किती वाढलं ते मला सांगत नाहीत, काट्यावर पाठ करून उभं करतात. पँट कमरेला लागते. लागते तिथे दिवसभर लक्ष जातं. सरळ लिहायचं तर बरं व्हायचंय की नाही ते मला माहीत नाही. ताईला व्हायला हवंय. सध्या तिच्याच भरवशावर चाललंय.

संध्याकाळी टिकली माझ्या मांडीवर येऊन बसली आणि म्हणाली, "मामा टोचतो." मग उशी आणून माझ्या मांडीवर ठेवली आणि तिच्यावर बसली.

८ डिसेंबर

ताई कोर्टात. टिकली पाळणाघरात. दाजींची रात्रपाळी झाली होती, ते आतल्या खोलीत झोपले होते. मी खिडकीत बसून पुस्तक वाचत होतो. समोरच्या इमारतीत रंगारी दोरावर लोंबकळत भिंत रंगवत होते. त्यातला एक काम थांबवून डब्यातून काहीतरी खायला लागला, पाय हलवत.

पोटात काहीतरी हललं. मला वाटलं दुखतंय. डॉक्टर म्हणाल्या होत्या, सुरुवातीला दुखेल. पण दुखत नव्हतं. खालून वर येत होतं, आणि तोंडात पाणी सुटलं. मला ते काय आहे ते आठवेना. खरंच आठवेना. मग आठवलं.

मी घाबरलो. इतका की पुस्तक पडलं. एवढी मेहनत करून मारलेली गोष्ट उठून बसली होती. आता ही मला खाऊन टाकणार, मी थांबूच शकणार नाही, गोलू, गोलू, असं सगळं डोक्यात. आणि तरी ती जाईना.

आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. उठवावं की नको. शेवटी हाक मारली.

"दाजी."

ते दचकून उठले. "काय झालं? चक्कर येतेय? ताईला फोन लावू?"

"नाही. मला..." तोंडातून निघत नव्हतं. शाळेतल्या मुलाने शिवी द्यावी तसं खाली बघून म्हणालो. "मला भूक लागलीय."

दाजींनी पांघरूण बाजूला सारलं. मग चप्पल न घालताच स्वयंपाकघराकडे निघाले. दारात थांबले, वळले.

"अंडं फोडू?"

"फोडा."

त्यांना अंडं करता येत नाही. कडा जळल्या, मधे कच्चं राहिलं, मीठ किती पडलं देव जाणे. ते ओट्याला टेकून उभे, मी त्यांच्या शेजारी उभा, तव्यातूनच खाल्लं. आज कुणी समोर बसलं नव्हतं. घास घशाखाली जाताना प्रत्येक वेळी भीती वाटत होती. मी रडत होतो हे मला दाजींनी नॅपकिन पुढे केला तेव्हा कळलं.

"जळलंय ना?" ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "आणि खारट झालंय."